छप्पर बदलायचंय? आधी भिंतींना विचारा

एप्रिल संपत आला की जबलपूरच्या जुन्या घरांमध्ये एक विषय हमखास निघतो. ऊन तापलेलं असतं, कुरडया-पापड वाळत असतात आणि कुणीतरी वर बघून म्हणतं, "यंदा छताचं काहीतरी करायला हवं." मग मागच्या पावसाळ्यातल्या बादल्या-पातेल्यांची आठवण निघते. देवघराच्या भिंतीवरचा पिवळा डाग सगळे पुन्हा एकदा निरखून घेतात. आणि चर्चा शेवटी एकाच प्रश्नावर येऊन अडते: एवढे पैसे घातले तर ते वसूल होतील का?

तुमच्याही घरी सध्या हेच चाललं असेल, तर आधी सरळ उत्तर देते. घर विकताना ते पैसे परत मिळतील या आशेने छप्पर बदलत असाल, तर बहुतेक वेळा मिळत नाहीत. राइट टाउन असो, नेपियर टाउन असो की गोलबाजारच्या आतल्या गल्ल्या असोत, साठ-सत्तर वर्षांच्या कवेलूच्या घराला येणारा गिऱ्हाईक वर बघतच नाही. तो रस्त्याकडची रुंदी पावलांनी मोजतो. त्याला प्लॉट घ्यायचा असतो. घर तो पाडणारच असतो आणि तुमचं नवंकोरं छप्पर त्याच्यासाठी फक्त मलबा असतो. अमेरिकेत घर विकताना छताची रीतसर तपासणी होते, त्यावरून भाव ठरतो, आणि तरीसुद्धा तिथले अंदाज सांगतात की छतावर घातलेल्या रकमेपैकी निम्म्याहून जरा जास्तच विक्रीत परत मिळते. मग आपल्याकडे, जिथे घराच्या नावाखाली जमीन विकली जाते, तिथे काय अपेक्षा ठेवणार?

याला अपवाद आहेत. पंधरा-वीस वर्षांचं पक्कं घर असेल आणि घेणारा राहायला येणार असेल, तर छतावरचा एक ओला डागसुद्धा महागात पडतो. दुरुस्तीला लागतील त्याच्या दुप्पट पैसे तो भावातून कापायला बघतो. भाड्याने द्यायच्या खोलीचंही तसंच. गळणाऱ्या खोलीत भाडेकरू ऑगस्टपर्यंतसुद्धा टिकत नाही. पण हे अपवाद बाजूला ठेवले, तर "वसूल होतील का" हा प्रश्न आपण चुकीच्या माणसाला विचारतो असं मला वाटतं. आपण तो घेणाऱ्याला विचारतो. विचारायला हवा त्या छपराखाली झोपणाऱ्याला. आणि त्याच्याही आधी, ते छप्पर अंगावर घेऊन उभ्या असलेल्या भिंतींना.

गढ्यातलं एक घर

आमच्या ओळखीच्या एक काकू गढ्यात राहतात. काका गन कॅरिज फॅक्टरीत होते. १९०४ साली सुरू झालेल्या या कारखान्याने आणि रेल्वे, कोर्ट, शाळा-कॉलेजांनी जबलपुरात किती मराठी घरं वसवली याची मोजदाद कुणी केली नसेल. १९५६ पर्यंत हे शहर नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होतं, त्यामुळे तेव्हा इथे येणं म्हणजे परमुलखात जाणं नव्हतं. काकूंचं घर त्या काळातलं. चार खोल्या, मधे अंगण, सागवानी वासे आणि वर कवेलू.

काका गेले, मुलं बाहेर पडली. थोरला पुण्याला, धाकटा इंदूरला. कवेलू फेरायला (तिकडे कोकणात याला शाकारणी म्हणतात) दरवर्षी एक वयस्कर माणूस यायचा, त्यानेही काम सोडलं. नव्या पोरांना हे काम येत नाही आणि येत असलं तरी भर मे महिन्यात छपरावर बसून एकेक कवेलू काढून लावायला कुणी तयार नसतं. त्यात माकडं. एक टोळी छपरावरून गेली की चार ठिकाणी धार लागते.

गेल्या वर्षी दोन्ही मुलं सुट्टीत आली तेव्हा विषय निघाला. थोरल्याचं म्हणणं स्पष्ट होतं: आई, या घरात आता एक रुपया घालू नकोस, विकू आणि तू पुण्याला चल. धाकट्याचा बेत मोठा होता. कवेलू काढून टाकायचे, स्लॅब टाकायचा, पुढेमागे वर एक मजला चढवायचा, म्हणजे 'इन्व्हेस्टमेंट' होईल. मिस्त्री तर तयारच होता. "दीवार मजबूत है, अम्मा, पुराने ज़माने की है," असं म्हणून त्याने भिंतीवर थाप मारून दाखवली.

काकूंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला अजून दहा पावसाळे तरी याच घरात काढायचेत. त्या दहा पावसाळ्यांचं काय ते बोला."

मला हे वाक्य फार आवडलं. त्यात हट्ट आहे, पण हिशेबही आहे. गुंतवणुकीची मुदत त्यांनी स्वतः ठरवून दिली.

पुढे ओळखीतून एक इंजिनिअर येऊन घर बघून गेले. त्यांनी थाप मारली नाही. स्कूटरची किल्ली काढली आणि कोपऱ्यातला जरा पोपडा पडलेला भाग बघून दोन विटांच्या मधली जागा खरवडली. भुरभुर माती पडली. बाहेरून चुन्या-सिमेंटचा गिलावा होता, आतली जोडणी मातीची होती. "यावर स्लॅब नको," ते म्हणाले.

धाकटा हिरमुसला. पण काकूंना १९९७ आठवत होतं.

मे महिन्यातली ती पहाट

तुम्ही तिशीच्या आतले असाल तर तुम्हाला ते आठवणार नाही. मीही तेव्हा जन्मले नव्हते, पण जबलपुरात वाढलेल्या प्रत्येकाने ही गोष्ट ऐकलेली असते. २२ मे १९९७, पहाटे चारनंतर वीसेक मिनिटं झाली होती. उकाड्यामुळे बरेच लोक अंगणात, गच्चीवर झोपलेले. भूकंपाची तीव्रता ५.८ ते ६ च्या दरम्यान. केंद्र जमिनीखाली खूप खोल, साधारण ३५ किलोमीटर, नर्मदा-सोन खोऱ्याच्या त्या जुन्या भेगेवर. जवळपास ४० माणसं गेली आणि हजारो घरांना तडे गेले. मदनमहालच्या किल्ल्याजवळचा एकमेकांवर तोललेला तो दगड मात्र जागचा हलला नाही, ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला अजून सांगितली जाते.

काकू सांगतात की आधी कवेलूंचा आवाज आला. फळीवरची सगळी भांडी एकदम घरंगळावीत तसा. मग धूळ. ओळीच्या ओळी घसरून अंगणात आल्या, पण भिंती उभ्या राहिल्या. ज्यांच्या भिंती पडल्या त्यांचं नशीब वेगळं होतं. त्या भूकंपात सगळ्यात जास्त मार खाल्ला तो माती-दगडाच्या, मातीत जोडलेल्या विटांच्या घरांनी. शहरातल्या काही नव्या बहुमजली इमारतींचंही नुकसान झालं, कारण तळमजला गाड्यांसाठी मोकळा सोडलेला आणि वरचा सगळा भार नुसत्या खांबांवर.

हे सगळं छपराच्या लेखात कशाला, असं वाटेल. पण भूकंपात घरावर येणारा धक्का घराच्या वजनाप्रमाणे वाढतो. बसमध्ये उभं असताना ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला तर मोकळ्या हाताचा माणूस सावरतो. डोक्यावर गव्हाचं पोतं असलेला सावरत नाही. छप्पर म्हणजे भिंतींच्या डोक्यावरचं ते पोतं. म्हणून कमजोर बांधकामाच्या घरांसाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९३ साली काढलेल्या मार्गदर्शनातही इमारत, आणि विशेषतः छप्पर, होईल तितकं हलकं ठेवा असंच सांगितलं आहे.

आता जरा आकडे बघू. दहा बाय बाराची एक खोली घ्या, म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. लोखंडी सांगाड्यावर टिनाचं छप्पर घातलंत तर त्या खोलीवर सगळं मिळून दोनेकशे किलो वजन येतं. मंगलोरी कौलं, वासे आणि रिपा धरून पाऊण टनाच्या आसपास. पाच इंची काँक्रीटचा स्लॅब टाकलात तर साडेतीन टन. त्यावर पाणी मुरू नये म्हणून चार इंच विटांच्या तुकड्यांचा कोबा केलात तर आणखी दोन टनांहून जास्त. म्हणजे कवेलू काढून स्लॅब आणि कोबा केला की त्याच भिंतींवर सात-साडेसात पट ओझं. मिस्त्रीने थाप मारली तेव्हा हा हिशेब कुणी केला होता?

गैरसमज नको. स्लॅब वाईट नाही. सिमेंटमध्ये नीट जोडलेल्या विटांच्या भिंती असतील, दारं-खिडक्यांवरून घरभर सलग काँक्रीटचा पट्टा फिरवलेला असेल, तर वरचा स्लॅब चारही भिंतींना धरून ठेवतो आणि तसं घर कवेलूच्या घरापेक्षा कितीतरी सुरक्षित असतं. भांडण स्लॅबशी नाही, जुन्या मातीच्या जोडणीवर नवा स्लॅब ठेवण्याशी आहे.

मातीवर माती, कोब्यावर कोबा

महाराष्ट्राने या गोष्टीची किंमत जबलपूरच्या चार वर्षं आधी मोजली होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरच्या किल्लारी-सास्तूर भागात जवळपास दहा हजार माणसं गेली.

त्या भूकंपाची तीव्रता जबलपूरच्या भूकंपापेक्षा काहीशीच जास्त होती. मग मृत्यूंमध्ये एवढा फरक का? किल्लारीचं केंद्र जमिनीच्या बरंच जवळ होतं, हे एक मोठं कारण. दुसरं कारण घरांमध्ये होतं. ओबडधोबड दगड मातीत रचून केलेल्या दोन-अडीच फुटी भिंती आणि वर माळवद. माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. मराठवाड्याच्या उन्हात याच्याइतकं सुखाचं छप्पर नाही, घर दुपारीसुद्धा गार राहतं. पण माळवद गळतं. गळलं की वर्षाला आणखी थोडी माती टाकायची आणि चोपायची. जुनी माती काढायची पद्धत नव्हती. आजोबांनी टाकलेल्या मातीवर वडिलांची, वडिलांच्या मातीवर मुलाची. असे थर चढत चढत काही घरांवर दोन फुटांपर्यंत गेले होते. वरच्या दहा बाय बाराच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे दहा टनांच्या वर. काही घरांत तर लाकडी खांबांचा सांगाडा उभा राहिला आणि भोवतीच्या दगडी भिंती कोसळल्या. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जी घरं जुन्या जागीच दुरुस्त करायची होती, त्यांच्यासाठी सुचवलेल्या कामांत माळवदावरची माती कमी करणं हेही एक काम होतं. आणि कित्येक माणसांनी दगडी घराची अशी धास्ती घेतली की उन्हाने तापणारं पत्र्याचं घर त्यांना बरं वाटू लागलं.

आता तुमच्या गच्चीवर जा. स्लॅब गळतो म्हणून दहा वर्षांपूर्वी एक कोबा केला होता. पुन्हा गळायला लागला म्हणून आता कंत्राटदार म्हणतोय, जुना फोडायची मजुरी कशाला, त्याच्यावरच नवीन करून टाकू. सोपं आणि स्वस्त. पण हे माळवदच आहे, फक्त सिमेंटचं. प्रत्येक थर खोलीमागे दोन टन. जुना कोबा फोडायचे पैसे देववत नसतील तर कोब्याचा विचारच सोडा आणि झिरपण थांबवणाऱ्या पातळ लेपाकडे वळा, असं मी म्हणेन. आमच्या गल्लीत तीन-तीन कोबे अंगावर घेतलेली घरं आहेत आणि त्यांचे मालक मोठ्या अभिमानाने सांगतात की छत आता एक फूट जाड झालंय.

मुळात स्लॅब गळतोय याचा अर्थ स्लॅब बदला असा क्वचितच असतो. बहुतेक वेळा पाणी शिरतं ते कठड्याच्या भिंतीच्या सांध्यातून, पाणी जाण्याच्या नळीच्या तोंडाशी, किंवा टाकीच्या खालून. नळीचं तोंड बंद करून गच्चीवर दोनेक इंच पाणी एक-दोन दिवस साठवून ठेवा आणि खालून बघा. डाग कुठे उमटतो ते कळलं की अर्धं काम झालं. पण छताचे पोपडे जाऊन खपल्या पडत असतील, आतली सळई गंजून फुगलेली दिसत असेल, तर रंगाचे हात मारत बसू नका. तिथे मिस्त्री नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. त्याची फी खटकते खरी, पण मजुरीवर लाखो उधळणारे आपण, बघण्या-तपासण्यावर काही हजार द्यायला मागेपुढे बघतो हे अजबच आहे.

मग काकूंनी काय केलं

कवेलू उतरवले. खालचे सागवानी वासे तपासले, किडलेले तीन बदलले. भिंतींच्या माथ्यावर चारही बाजूंनी एक सलग पट्टा बांधून घेतला, जेणेकरून भिंती एकमेकींना धरून राहतील. मग रंगीत टिनाचे पत्रे आणि खाली, उकाड्यासाठी, हवेची पोकळी सोडून पातळ छत. स्वयंपाकघर आणि मागची पडवी मात्र कवेलूचीच ठेवली. "तिथे दुपारी बसायला मला ते हवंय," म्हणाल्या. थोरल्याने पैसे दिले पण तोंड वाकडं करून दिले. धाकट्याचा वरचा मजला राहिला.

टिनाच्या छपराला दोन गोष्टी वैरी: ऊन आणि आंधी. मे-जूनमध्ये इकडे जी धुळीची आंधी येते, तिच्यात नीट न आवळलेला पत्रा पतंगासारखा उडतो. खिळे ठोकू नका, वॉशरसकट बोल्ट वापरा, आणि नालीदार पत्र्याला भोक नेहमी उंचवट्यावर पाडा, खोलगट भागात पाडलंत तर पाणी तिथूनच उतरणार. उन्हासाठी वरून पांढरा रंग किंवा चुना हा गरिबाचा एसी आहे. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा थंड छतांसाठी राज्याचं धोरणच काढलं, म्हणजे आपल्या आज्ज्यांच्या चुन्याला सरकारी मान्यता मिळाली म्हणायची.

एक गोष्ट मात्र घाईने करू नका. तुमच्या घरावर जुन्या सिमेंटच्या चादरी असतील, तर त्या बहुधा ॲस्बेस्टॉसच्या असतील. आपल्या भागात त्या सर्रास आहेत. जवळच कैमोरला, जे तेव्हा जबलपूर जिल्ह्यातच होतं, १९३४ पासून त्या बनत आल्या. चादर अखंड आहे तोवर ती गपगुमान बसलेली असते. ती फोडली, करवतीने कापली, घासली की तिचे न दिसणारे धागे हवेत मिसळतात आणि फुप्फुसात जातात. ॲस्बेस्टॉसचा प्रत्येक प्रकार कर्करोगाला कारण ठरतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून उतरवताना चादरी आधी भिजवा, बोल्ट सोडवून अख्ख्या उतरवा, हातोडा चालवू नका, मजुरांना चांगले मास्क द्या आणि मुलांना त्या दिवशी मावशीकडे पाठवा. तुकडे अंगणात भराव म्हणून घालणं तर अजिबात नको.

पैशाचा हिशेब

दर शहरागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, त्यामुळे आकडा मी सांगत नाही, पद्धत सांगते. समजा छपराला दोन लाख लागणार आहेत आणि काकूंसारखे तुमचेही दहा पावसाळे आहेत. वर्षाला वीस हजार झाले. हेच दोन लाख सात टक्क्यांच्या ठेवीत असते तर वर्षाला चौदा हजार व्याज आलं असतं, तेही मिळवा. आता दुसऱ्या बाजूला दरवर्षीची ताडपत्री, फेरणीची मजुरी, भिजलेल्या गाद्या, खराब झालेलं वायरिंग आणि ओल्या भिंतींमुळे वाढलेला दमा-खोकला मांडा. आणि मोठा आकडा राहिलाच: आई-बाबांना दुसरीकडे हलवायचं तर तिथलं भाडं. पुण्यात एका जास्तीच्या खोलीसाठी मोठा फ्लॅट घ्यावा लागतो, हे थोरल्याला त्याच्या बायकोनेच सांगितलं. त्यानंतर तो तोंड वाकडं न करता बोलू लागला.

कर्ज काढणार असाल तर लक्षात ठेवा, राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर जुन्या कर-पद्धतीत वर्षाला जास्तीत जास्त तीस हजारांची वजावट मिळते, घर घेण्या-बांधण्याच्या कर्जासारखी दोन लाखांची नाही. नव्या पद्धतीत राहत्या घरावर तीही नाही. पण पक्की बिलं जपून ठेवा. पुढे घर विकलंत तर छप्पर बदलल्याचा खर्च घराच्या सुधारणेचा खर्च म्हणून नफ्यातून वजा दाखवता येतो. मिस्त्रीने वहीच्या पानावर लिहून दिलेला हिशेब तिथे चालत नाही.

सोलर बसवायचा विचार असेल तर क्रम उलटा करू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला तीस हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला एकूण अठ्ठ्याहत्तर हजारांपर्यंत अनुदान मिळतं. एका किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर बिनसावलीची जागा लागते आणि पॅनल पंचवीस वर्षं चालावं अशी अपेक्षा असते. खालचं छत पाच वर्षांत उघडावं लागणार असेल तर पॅनल काढण्या-बसवण्याचा खर्च दोनदा होणार. आधी छत, मग सूर्य.

आणि घर वडिलोपार्जित असेल, तर खर्चाआधी कागद बघा. गेलेल्या माणसाच्याच नावावर अजून घर असेल तर नगर निगममध्ये नामांतरण करून घ्या, नाहीतर बँक दारातही उभं करत नाही. भावंडांपैकी एकाने पैसे घातले तर ते भेट म्हणून की हिश्शातून वळते करायचे म्हणून, हे चहा पिता पिता का होईना, कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करा. छपरावरून पडलेल्या पाण्याने जेवढी घरं खराब झाली नसतील तेवढी "मी तेव्हा पैसे घातले होते" या वाक्याने झाली असतील.

काम काढायचं असेल तर अक्षय तृतीयेच्या आसपास सुरू करा. इकडे पाऊस साधारण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात येतो आणि मिस्त्रीचे "पंधरा दिवस" महिनाभर चालतात.

शेवटी एक राहिलं. जुनं छप्पर उतरवताना कंत्राटदार फार उदारपणे म्हणतो, "मलबा मी घेऊन जातो, त्याचे पैसे नका देऊ." त्याला हो म्हणण्याआधी त्या मलब्यात काय आहे ते बघा. मंडला-डिंडोरीच्या जंगलातला साठ वर्षं मुरलेला सागवान आज वखारीत गेलात तर कुठल्या भावाने मिळतो ते एकदा विचारून या. काकूंनी विचारलं होतं. बदललेल्या तीन वाशांचा न किडलेला भाग त्यांनी कापून ठेवून घेतला, अख्खे कवेलू मोजून रचले आणि शेजारच्या मंदिराच्या पडवीसाठी दिले. वाशांच्या तुकड्यांचा धाकट्याने इंदूरला नेऊन टीव्हीखालचा कट्टा करून घेतला आहे.